खाजणचं एकच हिट

ऐक ना, फक्त ऐक. मधे बोलायचं नाही. चहा सांगितलाय, तो येईल तेव्हा येईल. तुला 'खाजण' माहितीये? बँड रे. नाही ना? कसं माहीत असणार, त्यांची एकच कॅसेट आली, आणि तीसुद्धा… थांब, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी कुणाची तरी बाजू घेतोय.

तर धाकू. गणूचा धाकू. शीळफाट्यावरून दिव्याच्या अंगाला आत गेलं की खाडीच्या कडेला जे आगरी गाव लागतं ना, तिथला. आजा मिठागरावर राबला, बापाने भातशेती केली, आणि हा ठाण्याच्या कॉलेजात गेला आणि रॉक म्युझिकच्या नादाला लागला. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. तिथे त्याला मधु भेटला. मधु डोंबिवलीचा, रामनगरमधला, बाप बँकेत, घरी सगळं 'अहो आई', आणि ह्याचे केस खांद्यापर्यंत. आणि तिसरा नाथा, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, ड्रमवाला. एक ऑर्केस्ट्रा बंद पडत होता त्याचा ड्रमसेट ह्याने उचललेला. मोठ्या ड्रमवर त्या ऑर्केस्ट्राचं नाव रंगवलेलं, ते काही जाईना, म्हणून त्यावर कागद चिकटवून 'खाजण' लिहिलं, खाडीकाठची खारी जमीन असते ना, तेच नाव. वाजवताना कागद फाटायचा, मागून जुनं नाव दिसायचं.

प्रॅक्टिस कुठे? धाकूच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या मिठागराच्या गोदामात. खाऱ्या हवेने मधुच्या गिटारच्या तारा आठवड्यात गंजायच्या. तो खोबरेल लावून पुसत बसायचा आणि शिव्या घालायचा. नाथा म्हणायचा, "तारांना कशाला, डोक्याला लाव. केसं बघ जरा." तिघं खूष होते रे. खरंच खूष होते.

पहिला प्रोग्राम वर्तकनगरला, गणपतीत. ह्यांनी लागोपाठ तीन गाणी वाजवली, इंग्लिशमधली, स्वतः लिहिलेली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे सेक्रेटरीला विचारलं, "माइकची तपासणी झाली का ह्यांची? गाणं कधी चालू होणार?" सेक्रेटरीने मिक्सरची वायरच काढली. डोंबिवलीत एका हॉलमध्ये वाजवलं तर ऐकायला कोण, मधुची बहीण आणि तिच्या मैत्रिणी. कल्याणला तर मांडववाल्याने आधीच सांगितलं, स्पीकर फाटला तर भरून द्यायचा. असं दोनेक वर्षं चाललं. सगळे बोलायचे, गाणी कळत नाहीत. आणि धाकूला आतून माहीत होतं की खरंच कळत नाहीत, कारण ती त्याची नव्हतीच. इंग्लिश गाणी लिहायचा आणि मागच्या बाकावरच्या पोराला स्पेलिंग विचारायचा.

आता धाकूची आत्या. चंद्रभागा. लवकर नवरा गेला म्हणून भावाकडे राहायची, आणि गावची धवलारीण. तुला धवलारीण म्हणजे काय माहितीये का? आगऱ्यांच्या लग्नात ती बाई धवले गाते. हळद दळण्यापासून ते नवरी घरात शिरेपर्यंत प्रत्येक कामाचा एक धवला. तिने गायल्याशिवाय लग्न पुढेच सरकत नाही. भटजीचं घड्याळ पुढे-मागे झालं तर चालतं, तिचं नाही. पंचक्रोशीतून बोलावणी यायची तिला.

एका दुपारी ती ओटीवर जवळा निवडत गुणगुणत होती आणि धाकू गिटार घेऊन आत बसलेला. तो जो रिफ वाजवत होता ना, म्हणजे परत परत वाजवायचा सुरांचा तुकडा, तो आणि तिचं गुणगुणणं एकदम एकावर एक बसलं. धाकूच्या अंगावर काटा. तो टेपरेकॉर्डर घेऊनच बाहेर आला.

"आत्या, हा पुरा गा ना एकदा."

"लगीन कोनाचं हाय?"

"कोनाचं नाय. माना चाल पायजे."

"बाला, धवला मोकला गात नाय. नाव लागतं. नवऱ्याचं, नवरीचं, त्यांच्या बापाचं. नाव नसलं त तो धवलाच नाय, नुसता गला साफ करनं हाय."

हा मागेच लागला. दोन दिवस लागला. शेवटी तिने पदराने हात पुसले, ह्याच्याकडे बघितलं, आणि हसली. आणि गायली. कोणती नावं घातली माहितीये? 'गणूचा धाकू मांडवान आयला, दामाजीची बायजा हलदीन न्हायली.'

बायजा म्हणजे समोरच्या आळीतली दामाजीची मुलगी. शिवणक्लास करायची कल्याणला. धाकूचं आणि तिचं असं काही नव्हतं हां. म्हणजे तो तिच्याकडे बघायचा, आणि आत्याने ते बघितलेलं, एवढंच. टेप चालू, ह्याचे कान लाल, आणि ती म्हातारी हसू दाबत पुढे गातेय.

गाणं संपल्यावर मात्र ती हसली नाही. बोलली, "ऐक. पोरीचं लगीन जमलं नाय, न मी तिचं नाव धवल्यान घेतलं. ही चूक हाय माजी. टेप घराच्या भायेर जायची नाय. ही नावां कोनाच्या तोंडान जायची नाय. कलली लोकांना, त माना कोन मांडवान उभी करनार नाय. शब्द दे."

धाकूने शब्द दिला. तिच्या पायाला हात लावून दिला.

आणि महिन्याच्या आत टेप मधुला दिली. अरे बोलू नको ना, ऐक. त्याने काही विकली नाही. मधुला ते सूर सापडत नव्हते. आत्याचा एक सूर असा आहे की तो गिटारच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी राहतो, मधु रोज बोट रक्तबंबाळ करायचा. बँड म्हणजे घरच, असं धाकूला वाटायचं. त्याने टेप दिली आणि गोदामात दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आत्या काय बोलली, नावाचं काय असतं, बायजा कोण. मधु बोलला, "अरे वेडा आहेस का, मी कोणाला ऐकवतोय? दोन दिवसांत आणून देतो." नाथाला तर सांगायची गरजच नव्हती. तो कोळीवाड्यातला, त्याच्या आईच्या लग्नातही धवलारीण उभी राहिलेली. त्याने फक्त मान हलवली.

टेप दोन दिवसांत परत आली. पण मधुच्या घरी डबल डेक होता, एका कॅसेटवरून दुसरी भरून घेणारा.

मग बघ, खाजणचे दिवस फिरले. ते गाणं त्यांनी नावं काढून बसवलं, जिथे नावं तिथे नुसतं 'नवरा' आणि 'नवरी'. पुढे गिटारचा राडा, नाथाचे ड्रम, आणि वरून धाकूचा तो आगरी गळा. पवईला एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला वाजवलं तर फाटक्या जीन्सवाल्या पोरी 'हलदीन न्हायली, हलदीन न्हायली' करून ओरडत होत्या. त्यांना काय कळत होतं देव जाणे. पण पहिला नंबर आला. इंग्लिश पेपरात एवढासा फोटो आला, त्यात नाथाचा फक्त हात. नाथाच्या आईने तो हात कापून देव्हाऱ्यात ठेवला.

आणि मग परत सगळं थंड. मुंबईत एका म्युझिक चॅनलवाल्याने बोलावलं, ऐकलं, विचारलं हिंदीत काय आहे. काही नव्हतं. वर्ष गेलं. नाथा हळदीला बेंजो पार्टीत वाजवायला लागला. मधुच्या बापाने कुठल्याशा ऑफिसात शब्द टाकून ठेवलेला.

तेव्हा अण्णा आला. विठ्ठलवाडीचा कॅसेटवाला, लग्नाची गाणी काढायचा, कपाळाला हे एवढं गंध. त्याने तिघांना दुकानाच्या माडीवर बोलावून ते गाणं ऐकलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "नवरा-नवरी काय? कुटुंबनियोजनाची जाहिरात आहे का ही? नावं टाका. नावाशिवाय नाचत नाही कोणी."

धाकू बोलला, नाही. अण्णा बोलला, मग खोटी टाक. धाकू बोलला, "कुठलंही टाकलं तरी ह्या गावांत कोणाची तरी पोरगी निघणार. ते तुम्हाला कळायचं नाही." अण्णा गंध पुसत उठला. मधु आणि नाथा धाकूच्या मागोमाग खाली आले, कटिंग प्यायले. मधु बोलला, "जाऊ दे रे, आपण आपली वेगळी काढू." नाथा पण बोलला, "जाऊ दे."

मग भाताची कापणी आली. धाकू शेतात. प्रॅक्टिस नाही, फोन नाही, गावात फोन होता कोणाकडे. एकदा मधु स्वतः बांधावर येऊन सांगून गेला की अण्णाचं कायमचं फिसकटलं, विषय संपला. बांधावर उभा राहून सांगितलं त्याने. धाकूने त्याला ओंजळभर नवे पोहे दिले.

आता शीळफाटा. सकाळची वेळ, धाकू वडापाव खात उभा, तिठ्यावर नेहमीचा गोंधळ, ट्रकवाले, रिक्षावाले. एक रिक्षा येऊन थांबली, आत डेक लावलेला, मागे दोन स्पीकर. आणि त्यातून ड्रम वाजले. धाकूने पहिल्या ठोक्याला ओळखलं की हा नाथा आहे. नाथा डाव्या हाताने जरा उशिरा मारतो, जगात दुसरा कोणी तसं मारत नाही. आणि ह्याला काय झालं माहितीये? आनंद झाला. खरं सांगतो. एका घासापुरता त्याला वाटलं, अरे, आपण. आपण वाजतोय शीळफाट्यावर.

मग गळा लागला. मधुचा. आत्याची हुबेहूब नक्कल, तो मधला सूरसुद्धा सापडलेला पठ्ठ्याला. आणि मग, 'गणूचा धाकू मांडवान आयला, दामाजीची बायजा हलदीन न्हायली.'

रिक्षावाल्याने आवाज वाढवला. बोलला, "काय गाणं आहे ना भाई? कालच्या हळदीत आठ वेळा लावायला लावलं लोकांनी."

धाकू तिथून सरळ चेंदणीला गेला. नाथा दारात जाळं शिवत बसलेला. धाकूला बघून त्याने सुई खाली ठेवली.

"धाक्या, आधी बस."

"तू वाजवलंस."

"पाणी पी."

"नाथा, तू वाजवलंस. मधुला नसेल कळलं. तुला कळत होतं."

"मी बोललो होतो त्याला, नावं नको म्हणून."

"किती वेळा बोललास?"

नाथा जाळ्याकडे बघत राहिला. "एकदा," तो बोलला. मग सुई परत उचलून, "किती वर्षं झाली रे आपल्याला? मी बेंजोत लोकांच्या नोटा तोंडात धरून नाचणाऱ्या दारुड्यांच्या मागे वाजवतोय. वाटलं, एक तरी कॅसेट असावी. तुला सांगितलं असतं तर तू नाही बोलला असतास."

"म्हणून नाही सांगितलं."

"म्हणून नाही सांगितलं."

डोंबिवलीला मधुच्या आईने दार उघडलं, "या धाकू, बसा, सरबत करते," आणि आतून मधु आला तो हातात कॅसेट घेऊनच. कव्हरवर मोठ्ठं 'खाजण'. खाली 'गायन-संगीत : मधु. ताल : नाथा. गीत : पारंपरिक'.

"पारंपरिक?" धाकू बोलला.

"मग काय लिहायचं? लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं."

"बायजा पारंपरिक आहे काय रे?"

मधुने कॅसेट टेबलावर ठेवली. मग जे बोलला ते धाकू अजून विसरला नाहीये. बोलला, "तूच शिकवलंस ना आम्हाला, नावाशिवाय तो धवलाच नाही? मी दुसरी नावं घालून बघितली. बसत नव्हती. तुझ्या आत्याने जसं गायलं तसंच गायलो मी. उलट तू इतके दिवस चुकीचं गात होतास."

कळतंय का तुला? ह्याने विश्वासाने जे सांगितलं, तेच त्याने उचलून ह्याच्या तोंडावर मारलं. आणि वर सरबत आलं. धाकूने ते प्यायलं. कारण आई समोर उभी होती.

इकडे गावात काय झालं ते ऐक. बायजाची सोयरीक ठरलेली, नदीपलीकडच्या गावात. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, तुमच्या मुलीचं नाव ज्याच्याबरोबर गाजतंय त्यालाच द्या. दामाजी चार दिवस घराबाहेर पडला नाही. आणि लोक शेंबडे नाहीत, कव्हरवर 'खाजण' लिहिलेलं, खाजण म्हणजे धाकू, म्हणजे धाकूनेच पोरीला अडकवायला गाणं काढलं. कोणी असंही बोलायला लागलं की चाल तर चंद्रभागेची आहे, म्हातारीनेच गाऊन दिलं असणार. लगेच पुढच्या लग्नाला त्यांनी पलीकडच्या गावची धवलारीण आणली. आत्या त्या दिवशी नवं लुगडं नेसून ओटीवर बसलेली. बोलावणं आलंच नाही. मांडवातला आवाज ओटीवर ऐकू येत होता. तिने धाकूला एवढंच विचारलं, "तू दिलास?"

"टेप दिली. नावां नाय दिली."

"येकच झाला," ती बोलली आणि आत जाऊन लुगडं बदललं.

बायजा मात्र सरळ आली. विहिरीवर, भर दुपारी, सगळ्या बायकांसमोर. "तू केलंस काय रे हे, माझ्यासाठी?"

"नाही."

"मग तसं बोल. मोठ्याने बोल. माइक आहे ना तुमच्याकडे."

"खरं बोललो तर आत्याचं नाव येतं, बायजा. ती परत कधी उभी राहणार नाही."

"आणि माझं नाव? ते कुठे ठेवू मी?"

कुठे ठेवायचं? तूच सांग. नको, आता नको सांगू.

आणि अशात मधु गावात आला, अण्णाच्या गाडीतून. रविवारी डोंबिवलीला मैदानावर मोठा प्रोग्राम, दुपारचा, आगरी गावंच्या गावं येणार, आणि लोकांना आणखी धवले पाहिजेत. मधुला एकच पाठ, जो टेपवर होता. मधु बोलला, "तू गा. पुढच्या कॅसेटवर तुझं नाव सगळ्यात वर. आणि काय सांगायचं ते सांग ना माइकवर, आम्ही आहोत तुझ्या मागे. झालं-गेलं आम्ही पण कबूल करू." नाथा गाडीत बसलेला. त्याने काच खाली करून मान हलवली. तशीच, गोदामातल्यासारखी.

धाकू गेला. तुला वाटेल मूर्ख आहे. पण 'आम्ही पण कबूल करू' हे त्याने ऐकलं ना. चोरी ह्या दोघांनी केली, हे ह्या दोघांनी सांगितलं असतं तर आत्या सुटत होती. कॅसेटमध्ये नावं मित्रांनी घातली, म्हातारीचा काय दोष? आणि बायजाही सुटत होती. दोन वाक्यांचं काम होतं.

मैदान फुल्ल. पुढे बायका खाली बसलेल्या, त्यात बायजा, दामाजी कडेला उभा. आत्या आली नव्हती. धाकूने माइक धरला आणि बोलला, "गाण्याच्या आधी एक सांगायचंय. ह्या गाण्यातली नावं कशी आली ते माझे मित्र सांगतील." आणि माइक मधुपुढे धरला.

मधुने अण्णाकडे बघितलं. अण्णा विंगेत उभा. मधु हसला, लोकांना बघून हात हलवला, आणि माइकमध्ये बोलला, "नावं काय, प्रेमात पडला की माणूस कुठलंही नाव घेतो, नाही का मंडळी?"

अख्खं मैदान हसलं. शिट्ट्या. दामाजीने खाली बघितलं. बायजाने नाही बघितलं खाली, ती सरळ धाकूकडे बघत होती.

धाकू वळला. नाथाकडे. नाथाच्या समोर पण माइक होता, ड्रमवरचा. एक वाक्य, बस. धाकूने त्याच्याकडे बघितलं आणि थांबला. लोक गप्प होईपर्यंत थांबला.

नाथाने काठ्या उचलल्या. खाली मान घातली आणि ठोके दिले, एक, दोन, तीन, चार. आणि मधुने गिटार सुरू केली.

तेव्हा धाकू बोलला. वाजतं गाणं त्याने हाताने थांबवलं आणि बोलला, "नावं मी घातली. आत्या मांडवात गात होती तेव्हा मी लपून चाल चोरली, आणि नावं माझ्या मनाने घातली. तिला माहीत नाही. बायजाला माहीत नाही. ती माझ्याशी कधी दोन शब्द बोललेली नाही. मी चोर आहे." माइक स्टँडला लावला आणि पायऱ्या उतरून खाली आला. पुढच्या रांगेतून एक चप्पल आली, लागली खांद्याला. मागे त्या दोघांनी गाणं परत सुरू केलं. ऐकतोयस ना? परत सुरू केलं. आणि लोक नाचले.

बायजाचं लग्न झालं तिथेच, नदीपलीकडे. आत्या उभी राहिली मांडवात, तिनेच धवले म्हटले, आता खरी नावं. धाकूला मांडवात घेतलं नाही, चोराला कोण घेणार. कॅसेट अजून जोरात खपली. मधु पुढे त्या ऑफिसात लागला. नाथाची स्वतःची बेंजो पार्टी आहे आता, भारी चालते. धाकू शीळफाट्यावर रेतीच्या गाड्यांचं बघतो, आणि रिक्षात ते गाणं लागलं तर रिक्षा सोडतो.

आता बोल. धाकूच्या जागी काय केलं असतंस ते नको सांगू, ते सगळे छाती पुढे काढून सांगतात. नाथाच्या जागी बस. तुझ्यापुढे माइक आहे, हातात काठ्या आहेत, आणि तुझा मित्र मागे वळून तुझ्याकडे बघतोय. तू काय केलं असतंस?